पैसे उतरताना

माझी एक खोड आहे. शेअर गाडीत बसले की बूड नीट टेकायच्या आत माझा हात पर्सकडे जातो. कुणाचं देणं अंगावर ठेवून मला बसवत नाही. पैसे देऊन टाकले की मी मोकळी, मग खिडकी माझी आणि बाहेरचं जग माझं. न दिलेले पैसे चपलेत गेलेल्या खड्यासारखे सारखे टोचत राहतात.

माझी एक मैत्रीण याच्या बरोब्बर उलट. ती नोटेची घडी घालून मुठीत धरते आणि दोन्ही पाय जमिनीला लागल्याशिवाय मूठ उघडत नाही.

"अगं, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल करतेस तू," ती मला म्हणते. "ही गाडी कुठून कशी जाणार ते त्या ड्रायव्हरला तरी ठाऊक आहे का? आणि तू पैसे देऊनसुद्धा बसलीस!"

"म्हणजे काय, तो मधेच सोडून देणार आहे का?"

"देईल नाहीतर नाही देणार. पण पैसे माझ्या मुठीत असले तर सोडताना दोनदा विचार करेल."

आमचं हे भांडण इतकं जुनं आहे की आता त्यात भांडणासारखं काही उरलेलं नाही. मला तो निव्वळ स्वभावाचा प्रश्न वाटायचा. ती संशयी, मी भिडस्त, संपलं. हाँगकाँगमध्ये एका रात्री चुकीच्या ठिकाणी उतरेपर्यंत तरी असंच वाटत होतं.

हाँगकाँगच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेच्या मिनीबस धावतात. अंग दोन्हींचं दुधी पिवळसर, फरक टपाच्या रंगात. हिरव्या टपाच्या गाडीला क्रमांक असतो, ठरलेला मार्ग असतो, ठरलेलं भाडं असतं. लाल टपाच्या गाडीला यातलं काही असेलच असं नाही. पुढच्या काचेत एक पाटी, तिच्यावर शेवटच्या ठिकाणाचं नाव आणि शेजारी भाड्याचा आकडा. मधला रस्ता ड्रायव्हरच्या डोक्यात. पुढे वाहनांची रांग दिसली तर तो दुसरीकडून घालतो. भाडंही तोच ठरवतो, त्यामुळे रात्री उशिरा किंवा गर्दीच्या वेळी पाटीवर वेगळा आकडा असू शकतो. आणि यात बेकायदा काही नाही. मला याचंच जास्त नवल वाटलं. एकाच शहराने दोन टोकाच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवल्यात आणि त्यांना नुसता रंग देऊन वेगळं केलंय.

त्यामागे इतिहास आहे. १९६७ साली तिथे दंगली झाल्या, संप झाले, बससेवा कोलमडली. कामावर जाणाऱ्या लोकांना तेव्हा खासगी व्हॅनवाल्यांनी उचललं. ही वाहतूक नियमात बसणारी नव्हती, पण ऐन नडीला जो धावून येतो त्याला नंतर हुसकून लावणं कुठल्याही सरकारला जड जातं. १९६९ मध्ये या गाड्यांना रीतसर परवाने मिळाले. पुढे १९७२ पासून मार्ग आणि भाडं ठरवून दिलेल्या हिरव्या गाड्या आल्या आणि १९७६ पासून एकूण गाड्यांची संख्या ४,३५० वर गोठवली गेली. तेव्हापासून लालच्या हिरव्या होत आल्यात. उरलेल्या लाल गाड्या म्हणजे त्या संपाच्या दिवसांचा अजून चालता असलेला तुकडाच म्हणायचा.

मी माँगकॉकला रात्री साडेदहाच्या सुमाराला लाल गाडीत चढले. गाडी क्वुन टाँगची. मला त्याच्या बरंच अलीकडे उतरायचं होतं. सवयीप्रमाणे नाणी पुढे केली. ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलंही नाही, हनुवटीने मागे बसायची खूण केली. इथे पैसे उतरताना द्यायचे होते. म्हणजे माझ्या मैत्रिणीचंच राज्य! मी नाणी मुठीत आवळून खिडकीशी बसले. मूठ घामेजली. बाहेर निऑनचे दिवे, माणसांची रीघ, आणि माझं सगळं लक्ष त्या पाच-सहा नाण्यांकडे.

मध्ये एका ठिकाणी ड्रायव्हरने मान न वळवता काहीतरी विचारलं. दोन-तीन अक्षरं, शेवटी वर चढणारा सूर. कुणी काही बोललं नाही. दोन क्षण तो थांबला असेल. मग त्याने गिअर बदलला आणि गाडी उड्डाणपुलावर चढली.

खालून एक चौक मागे गेला. औषधांच्या दुकानाचा हिरवा दिवा, त्याला लागून बांबूंची परांची बांधलेली इमारत. ही खूण मी दुपारीच मनाशी करून ठेवली होती. मी काचेला नाक लावून तिला जाताना बघत राहिले. ओरडावं तर काय ओरडावं? पुलावर कुणी थांबवणार होतं थोडंच.

शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता. त्याला माझ्या चेहऱ्यावरून काय ते कळलं असावं. तो इंग्रजीत म्हणाला, "तो विचारत होता, खाली कुणी उतरणार आहे का. कुणी बोललं नाही." मग जरा थांबून, अगदी हळू, "तुम्हीही बोलला नाहीत."

क्वुन टाँगला उतरताना मी मूठ उघडली. पैसे अजून माझ्याकडे होते. मैत्रिणीच्या शास्त्राप्रमाणे बाजू माझी होती. पण भांडू काय? त्याने विचारलं होतं आणि मी गप्प बसले होते. मला त्याची भाषा येत नव्हती ही त्याची चूक नव्हती. शिवाय मी मला हवं त्याहून पुढे आले होते, म्हणजे किलोमीटरच्या हिशेबाने बघितलं तर त्याचंच माझ्याकडे काही निघालं असतं. अंतर जास्त कापलं होतं आणि पोचले मात्र नव्हते. याचे पैसे जास्त लागायचे की कमी? त्याने पाटीवरचा आकडा मोजून घेतला, उरलेली चिल्लर परत दिली आणि त्याच हनुवटीने समोरची बाजू दाखवली. परतीच्या गाड्या तिथे उभ्या होत्या.

त्या रात्रीपासून मला या गाड्यांचा छंद लागला. जिथे जाईन तिथे, जो भेटेल त्याला मी विचारते, तुमच्याकडे शेअर टॅक्सीत पैसे कधी देतात? चढताना, मध्ये की उतरताना? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो, पण उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि उत्तरामागे हमखास एक तक्रारही असते.

या गाड्यांच्या नावांकडे कधी नीट बघा. लॉस एंजेलिसमध्ये १९१४ साली लोक आपापल्या मोटारी घेऊन ट्रामच्या रस्त्यावर उतरले आणि ट्रामइतक्याच भाड्यात, पाच सेंटमध्ये, माणसं नेऊ लागले. पाच सेंटच्या नाण्याला तेव्हा बोलीभाषेत 'जिटनी' म्हणत, म्हणून गाडीही जिटनी. नैरोबीची मटाटू. 'टाटू' म्हणजे स्वाहिलीत तीन, आणि एके काळी भाडं होतं तीस सेंट, दहा-दहाची तीन नाणी. टांझानियातल्या दार-ए-सलामची डालाडाला. पाच शिलिंगच्या नाण्याला लोक 'डाला' म्हणजे डॉलर म्हणायचे, त्यावरून. घानाची ट्रोट्रो. तिथल्या गा भाषेत 'ट्रो' म्हणजे तीन, भाडं तीन पेनी. मेक्सिको सिटीची पेसेरो, एक पेसोवाली. एकमेकांना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांनी आपापल्या गाडीला नाण्याचं नाव दिलं.

ट्रामला, बसला, आगगाडीला आपण मार्गावरून ओळखतो. अमुक नंबरची, तमुक लाइनची, या गावची. या गाड्यांना तसं ओळखणार कसं? रस्ता तर रोज बदलणार. त्यातल्या त्यात पक्की म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भाडं, आणि नाव त्यालाच चिकटलं. पुढे भाडंही कितीतरी पटींनी वाढलं. तीस सेंटात नैरोबीत आज कुणी दारात उभंही करणार नाही. नावं मात्र राहिली, जुन्या दरपत्रकासारखी. तुर्कस्तानातली डोल्मुश वेगळी. तिच्या नावाचा अर्थ 'भरलेली'. हेही खरं म्हणा, गाडी भरेपर्यंत निघत नाही हा नियम बऱ्याच ठिकाणी सारखा.

जिटनीचं पुढे फार काही झालं नाही. वर्षभरात ती अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत पसरली. ट्रामकंपन्यांनी ओरड केली, नगरपालिकांनी परवाने, जामिनाचे बाँड, ठरलेले मार्ग असे नियम लावले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक ठिकाणी ती रस्त्यावरून गेली. मार्ग ठरवून देणं म्हणजे जिटनीचा जीवच काढून घेणं होतं. ज्या मोकळेपणावर तिचा धंदा उभा होता, तोच कायद्याला खटकला. पण माझा जीव ट्रामकंपन्यांमध्येही थोडा अडकतो. त्यांना रात्री रिकामी ट्रामसुद्धा शेवटपर्यंत न्यावी लागत होती, जिटनीवाल्याला नाही.

रिकाम्या गाडीची ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण मार्ग बदलण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. डालाडाला चालवणारा माणूस बहुधा गाडीचा मालक नसतो. मालकाला त्याने दिवसाला ठरलेली रक्कम द्यायची, त्याला तिथे 'हेसाबू' म्हणतात. (हा शब्द ऐकून मी उडालेच. मूळ अरबी शब्द एकच, समुद्राच्या त्या काठाला हेसाबू, या काठाला हिशेब.) हेसाबू आणि डिझेलचे पैसे बाजूला काढून जे उरेल ते ड्रायव्हर आणि कंडक्टरचं. पगार नाही, उरलेलं. आता अशा माणसाच्या जागी बसून बघा. शेवटचा टप्पा आलाय, गाडीत चार माणसं, आणि उलट्या दिशेला पन्नास माणसं हात करताहेत. शेवटपर्यंत जायचं म्हणजे चार माणसांचं डिझेल जाळायचं आणि पन्नास माणसं दुसऱ्याला द्यायची. तो मध्येच गाडी वळवतो. चौघांना उतरवतो. याला तिथे 'कुकाटिशा रुटी' म्हणतात, रूट कापणं. मनिलात जीपनी नावाच्या शेअर गाड्या चालवणारे हेच करतात. तिथे त्याला सरळ इंग्रजीत 'कटिंग ट्रिप' म्हणतात आणि तो दंडाचा गुन्हा आहे. दोन्हीकडे क्रियापद एकच. रस्ता तुटत नाही, कुणीतरी तो कापतं.

आणि कापायच्या आधी कंडक्टरने पैसे गोळा केलेले असतात. माझ्यासारख्यांनी तर मागायच्या आधीच दिलेले असतात! उतरवलेले चौघे दुसऱ्या गाडीला हात करतात आणि उरलेल्या टप्प्यासाठी पुन्हा भाडं मोजतात. एका प्रवासाची दोन भाडी. हिशेब चुकत नाही, बरं का. डालाडालाच्या हिशेबात तो बरोबर असतो, भुर्दंड फक्त प्रवाशाच्या वहीत लिहिला जातो. इथे मी मैत्रिणीच्या बाजूने आहे, अगदी शंभर टक्के. मालकाने ड्रायव्हरला पिळलं म्हणून ड्रायव्हरने मला पिळावं, हे मला समजतं, पण पटत नाही.

नैरोबीत याची एक जरा सभ्य आवृत्ती आहे. गाडी पुढे जाणार नसेल तर कंडक्टर उरलेल्या प्रवाशांना मागून येणाऱ्या दुसऱ्या मटाटूच्या स्वाधीन करतो आणि घेतलेल्या भाड्यातला वाटा त्या कंडक्टरच्या हातावर ठेवतो. म्हणजे प्रवासी विकतोच म्हणा ना. तुम्ही फुटपाथवर उभे आणि तुमच्या डोक्यावरून दोन माणसं तुमच्या उरलेल्या चार किलोमीटरची घासाघीस करताहेत. अपमान वाटायला हरकत नाही. पण दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागत नाहीत, आणि फुटपाथवर विकलं जाणं सोडून दिलं जाण्यापेक्षा बरंच बरं. २००४ साली केनियाने मटाटूंना शिस्त लावायला नियम आणले. वेगमर्यादा पाळणारं यंत्र, सीटबेल्ट आणि गाडीच्या अंगावर पिवळा पट्टा, त्यावर मार्ग लिहिलेला. मार्ग पत्र्यावर रंगवला की तो बदलता येणार नाही, अशी समजूत. भाडं कुठे रंगवणार? पाऊस आला की नैरोबीत भाडं वाढतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

सगळ्यात मला आवडलेली पद्धत बैरूतची. तिथे शेअर टॅक्सीला 'सर्विस' म्हणतात, फ्रेंच वळणाने 'सर्वीस'. गाडीची नंबर प्लेट लाल. मार्ग असा नाहीच. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, गाडी हळू झाली की खिडकीतून आपलं ठिकाण ओरडायचं. ड्रायव्हर क्षणभर मनात नकाशा मांडतो. आत बसलेले कुठे चाललेत, तुम्ही कुठे चाललात, वाटेत आणखी कोण मिळेल. जमत असेल तर मान हलवतो. जमत नसेल तर काही न बोलता गाडी पुढे काढतो. आणि अर्धवट जमत असेल तर एकच शब्द टाकतो, 'सर्विसैन'. अरबीत द्विवचन असतं. सर्विसैन म्हणजे दोन सर्विस, दुप्पट भाडं. तुमच्यासाठी मला वळावं लागेल, त्या वळणाची ही किंमत. मान्य असेल तर बसा, नसेल तर दुसरी गाडी बघा.

मराठीत द्विवचन नाहीच, संस्कृतचं होतं ते आपण शाळेत रडत पाठ केलं. त्याचा असा रस्त्यावर, रोख उपयोग होतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी 'रामौ' जरा आनंदाने म्हटलं असतं.

कित्येक वर्षं एका सर्विसचे २,००० लिरा हे बैरूतच्या पोराबाळांना तोंडपाठ होतं. डॉलरला तेव्हा सुमारे १,५०० लिरा पडत. २०१९ पासून लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळत गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने स्वतःचा अधिकृत दरसुद्धा डॉलरला १५,००० लिरांवर नेला, आणि बाजारातला भाव त्याच्याही कितीतरी पुढे गेलेला होता. आकड्यांची अशी माती झाल्यावर पैशाची कुठली पद्धत टिकावी? पण सर्विस आणि सर्विसैन टिकली. कारण ते नुसतं भाडं नव्हतं, माप होतं. एक म्हणजे माझ्या वाटेत, दोन म्हणजे तुझ्या वाटेत. पावशेर आणि अर्धा शेर असतं ना, तसंच.

मला यात आवडतं ते हे की वाद दार उघडायच्या आधी होतो. गाडीबाहेर उभी असलेली मी आणि चाकामागे बसलेला तो, दोघेही अजून मोकळे. कुणी कुणाचं देणं लागत नाही. हाँगकाँगमधल्या लाल गाडीत तो प्रश्न मध्येच आला होता, आणि मला कळेपर्यंत त्याचं उत्तर देऊन झालं होतं.

मैत्रिणीला हे सगळं मी फोनवर उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग तो सर्विसैन म्हणून घेतलेला पॅसेंजर. त्याच्यासाठी गाडी वळली. आत बसलेल्या बाकीच्या तिघांना किती पैसे परत मिळाले?"

मी गप्प.

"मिळाले का काही?"

नाही मिळत. दुसरी सर्विस पूर्णपणे ड्रायव्हरच्या खिशात जाते. वळसा मात्र सगळे मिळून घालतात. ज्याने पैसे दिले त्याचा वेळ वाचला, ज्यांनी एकेरी भाडं दिलं त्यांचा गेला, आणि हे त्यांना कुणी विचारलंही नाही. मुळात आपण शेअर गाडीत स्वस्त जातो ते का? सीटा वाटून घेतल्या म्हणून, असं मला वाटायचं. खरं तर आपण आपला रस्ता विकलेला असतो. 'मला कुठूनही न्या' असं म्हणायचे पैसे आपल्याला सवलतीच्या रूपाने आधीच मिळालेले असतात. हल्ली अॅपवर शेअर गाडी बोलावली तर हीच गोष्ट जास्त नीटनेटकी होते. भाडं आधी दिसतं, कापलंही जातं, आणि मग नकाशावरची निळी रेघ मध्येच एखाद्या अनोळखी गल्लीत शिरते. कुणासाठी ते कळत नाही. भांडायला समोर हनुवटीसुद्धा नसते.

पैसे देण्याच्या वेळेचा मामला हिशेबापेक्षा भरवशाचा आहे, हे मला जीपनीने शिकवलं. मनिलातल्या जीपनीत दोन बाकडी समोरासमोर, चढायचं मागून, आणि ड्रायव्हर पार पुढे. मागे बसलेल्याने पैसे द्यायचे कसे? तो 'बायाद पो' म्हणतो, म्हणजे 'भाडं घ्या हो', आणि नाणी शेजाऱ्याच्या हातावर ठेवतो. शेजारी पुढच्याच्या, पुढचा त्याच्या पुढच्याच्या. ड्रायव्हर गाडी चालवत, मागे न बघता सुट्टे देतो आणि ते त्याच वाटेने उलटे येतात. कोण कुठे चढलं, कुणी दिले, कुणी नाही, हे सगळं त्याने आरशात बघून लक्षात ठेवायचं. ते अशक्य आहे हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून गाडीत एक पाटी असते, 'गॉड नोज, हुडास नॉट पे'. हुडास म्हणजे तिथल्या भाषेत येशूला दगा देणारा ज्यूडास. इंग्रजीतलं 'हू डझ' म्हणून वाचलं तर 'कोण पैसे देत नाही ते देवाला माहीत आहे', आणि तसंच वाचलं तर बुडव्याचं नावच लिहिलेलं. दुसरी पाटी जास्त व्यवहारी, 'सकाळी कृपया सुट्टेच द्या'.

सुट्ट्यांवरून आठवलं. नायजेरियातल्या लागोसच्या पिवळ्या डान्फो गाड्यांचा कंडक्टर चढतानाच ओरडतो, 'सुट्टे घेऊनच चढा'. नसतील तर उतरताना तो एकच मोठी नोट दोन अनोळखी प्रवाशांच्या मिळून हातात देतो आणि निघून जातो. गाडी गेलेली असते, धूळ उडालेली असते आणि तुम्ही एका परक्या माणसासोबत एका नोटेचे दोन टोकं धरून उभे. आता दोघांनी मिळून कुठलं तरी दुकान शोधायचं आणि नोट मोडायची. हे ऐकून मी इतकी हसले! मग जोहान्सबर्गचं ऐकलं. तिथे ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसलेल्या प्रवाशाने सगळ्या गाडीचे पैसे गोळा करायचे, मोजायचे आणि सुट्टे परत वाटायचे, असा रिवाज आहे. गणित कच्चं असणारे पुढे बसायचं टाळतात. माझं गणित वाईट नाही, पण दुसऱ्यांच्या पैशांची जबाबदारी म्हटली की माझे तळहात पुन्हा घामेजतील. मी तिथे मागच्याच सीटवर बसेन. आणि पैसे पहिल्यांदा पुढे पाठवणारीही मीच असेन, यात शंका नाही.

थोडक्यात, माझी खोड गेलेली नाही. मैत्रिणीची मूठही उघडलेली नाही.

हाँगकाँगची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. क्वुन टाँगला उतरताना तो कॉलेजातला मुलगा माझ्यामागेच उतरला होता. त्याने मला दोन अक्षरं शिकवली, 'यौ लोक'. उतरणार आहे. तो म्हणाला, मोठ्याने म्हणायचं, लाजायचं नाही. मी परतीच्या गाडीची वाट बघताना पुटपुटत राहिले, यौ लोक, यौ लोक.

दुसऱ्या रात्री पुन्हा तीच वेळ, पुन्हा लाल टप. वेगळा ड्रायव्हर. या खेपेला मी नाणी पुढे केली नाहीत. आधीच मोजून मुठीत धरली आणि मागे जाऊन बसले. गाडीत मी धरून बारा-तेरा माणसं. बहुतेक जण दिवसभराच्या कामाने पेंगुळलेले. एक बाई मांडीवर भाजीची पिशवी धरून डुलक्या घेत होती.

पूल जवळ आला. ड्रायव्हरने विचारलं. तेच शब्द होते की दुसरे, मला कळलं नाही. कालच्यासारखीच शांतता पसरली आणि मी तिच्यात ओरडले, "यौ लोक!" नको इतक्या मोठ्याने. भाजीवाली बाई दचकून जागी झाली.

ड्रायव्हरने काही न बोलता गाडी डावीकडे घेतली. पूल आमच्या डोक्यावरून निघून गेला. खालचा रस्ता गच्च भरलेला होता. एक सिग्नल लागला, मग दुसरा. दुसऱ्याला दोनदा थांबावं लागलं. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. कुणी उसासा टाकला नाही. एकाने घड्याळ बघितलं, पण तो ते माझ्यासाठीच बघत होता असं म्हणता येणार नाही. मला मात्र प्रत्येक सेकंद बाराने गुणून ऐकू येत होता.

हिरवा दिवा आला, बांबूंची परांची आली. बाईने पिशवीसकट गुडघे वळवून मला वाट दिली. उतरणारी मी एकटीच. पैसे पुढे केले. ड्रायव्हरने काल जितके घेतले होते तितकेच घेतले, एक नाणं परत माझ्या हातावर ठेवलं. मी मोजण्यात चुकले होते, एक जास्त धरलं होतं.

दार लागलं. गाडी पुढच्या सिग्नलपर्यंत गेली आणि तिथे लाल दिव्याला थांबली. आतल्या उजेडात बारा डोकी दिसत होती. मी ते जास्तीचं नाणं हातात घेऊन परांचीखाली उभी होते आणि दिवा काही केल्या बदलत नव्हता.